मोठीमाय म्हण

झेंड्याच्या खांबापाशी बापानं मले थापड हाणली. पंधरा ऑगस्ट. मी सहा वर्षांची. माय गावची सरपंच, नव्या साडीत झेंडा चढवायले उभी. मी धावत जाऊन तिचा पदर धरला. "माय वं!"

"मोठीमाय म्हण! किती खेपा सांगू?" बाप बोलला. लोक हसले. साऱ्या गावाले ठाऊक होतं. मायनं माह्याकडं पाह्यलं नाही. दोरी ओढली.

आधी बहीण, मग भाऊ. भावाले जोडीदार पाहिजे म्हणून तिसरी खेप, तर झाली मी. दोनाच्या वर लेकरं असली की खुर्ची जाते, असा सरकारचा कायदा. मग बापानं मले धाकट्या काकाची पोरगी म्हणून लिहून टाकलं; माय झाली माही मोठी काकू, मोठीमाय. घर एक, चूल एक. समोर बसून माय भाकरी वाढे, अन् मी तिले मोठीमाय म्हणायची. वेणी घालताना ती कानाशी म्हणे, "आता माय म्हण, कोणी नाही." माह्या तोंडून निघतच नव्हतं. ती मेली त्या दिवशी बाया रडत होत्या. मीही रडली. मोठीमाय, मोठीमाय म्हणून.

अजूनही कोणाच्या लेकरानं मायले हाक मारली, की माहा गाल जळते.

आता वहिनी सरपंच हाय. परवा बापानं मले मेहकरच्या दवाखान्यात बोलावलं. सही पाहिजे, म्हणे. नर्सनं माह्या नावानं पुकारलं. मी उठली. तर खाटेवरून वहिनीनं हात वर केला. कुशीत एका दिवसाची पोरगी. तिचं तिसरं लेकरू. माह्या नावावर वहिनीले भरती केलं होतं!

"तुले लेकरू नाही," बाप म्हणे. "तुह्या नावावर जाऊ दे. तुले तर सवय हाय."

सवय! अंगाची नुसती आग झाली.

"वहिनी, तुमाले काय पाहिजे?"

तिनं पोरगी आवळून धरली. "ताई, माही हाय वं ती."

मी नर्सले म्हटलं, "सिस्टर, नाव खोटं हाय. बाळंतीण ही. मी नाही." अन् वहिनीचं खरं नाव सांगतलं.

"खुर्ची जाईन! समजते का तुले?" बाप ओरडला.

"जाऊ द्या."

त्यानं कागद फिरवायची खटपट केलीच, तर मी तहसीलीत जाईन. पुरावा म्हणून उभी राहीन. मी कोणाच्या पोटची हाय ते सायबासमोर मोठ्यानं सांगीन. माय म्हणीन. थापड मारायले बापानं तिथं यावं.