पगारे सरांची गादी

मेलेल्या माणसांच्या गाद्या उचलणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास असता, तर पहिल्याच महिन्यात मी शेडला कुलूप लावलं असतं. घरचे बहुतेक वेळा सांगत नाहीत की या गादीवर कोण गेलं... पण जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांचे चेहरे सांगतात. मला कधी काही झालं नाही. साधं वाईट स्वप्नसुद्धा नाही. म्हणूनच हे लिहू की नको, यात वर्ष गेलं.

आम्ही नाशिकमध्ये जुन्या गाद्या घरून उचलतो. जुन्या नाशकातल्या अरुंद बोळांत, पंचवटीतल्या उभ्या जिन्यांवरून डबलबेडची गादी खाली आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पूर्वी लोक या गाद्या सरळ गोदाकाठी नाहीतर मोकळ्या प्लॉटवर टाकून द्यायचे. आम्ही त्या अंबडच्या पुढे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेतो, उसवतो. कापूस वेगळा, फोम वेगळा, काथ्या वेगळा, स्प्रिंगा भंगारात. माझे भागीदार सलीमभाई मूळ येवल्याचे, पिढीजात पिंजारी. नुसत्या वासावरून कापूस किती वर्षांचा ते सांगतात.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मंगळवारी सकाळी इंदिरानगरमधून एक गादी उचलली. दुसरा मजला. दार उघडलं चाळिशीतल्या एका बाईंनी – संगीताताई पगारे. घर त्यांच्या वडिलांचं, रिटायर्ड शिक्षक. आतल्या खोलीत सिंगल बेड, शेजारी कमोडची खुर्ची, औषधांचा रिकामा खोका. सर कुठे दिसले नाहीत. मी समजायचं ते समजलो.

"लवकर न्या," ताई एवढंच म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

अस्सल कापसाची जुनी गादी होती. शेडमध्ये आणून इतर गाद्यांच्या थप्पीवर टाकली. बुधवारी सकाळी कापायला घेतली, तर सलीमभाईंनी तिच्यावर हात ठेवला आणि कात्री बाजूला ठेवून दिली.

"इकडं ये. हात लाव."

मधोमध, जरा डावीकडे, गादी गरम होती. म्हणजे... कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर लागते तशी. बाकी सगळी गार. तुम्ही नाशिकचे असाल तर जानेवारीतली सकाळ तुम्हाला सांगायला नको, शेडचा पत्रा अक्षरशः चावत होता.

"रात्री कुत्रं झोपलं असेल," मी म्हणालो.

"कुत्रं एवढं लांब असतं व्हय?"

मग मी नीट चाचपलं. खांद्यांपासून पोटऱ्यांपर्यंत – एका माणसाएवढी जागा.

ओला कापूस आतून तापतो, हे मला माहीत होतं. म्हणून सलीमभाईंनी कडेची शिवण चार बोटं उसवून आत हात घातला. खडखडीत कोरडा. मग वाटलं पत्र्यातून ऊन येत असेल. गादी दुसऱ्या भिंतीला नेऊन उभी केली. तासाभराने बघितलं – ऊब त्याच जागी. करोनाच्या वेळची ती कपाळाचा ताप बघायची बंदूक कपाटात पडून होती. ती काढली. गादीच्या कडेला तिने नुसतं 'लो' दाखवलं. मधोमध धरली... साडेछत्तीस. तीन वेळा धरली. तिन्ही वेळा तेच, पॉइंटात थोडा फरक.

त्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. दुसरी गादी उसवायला घ्यायचो, अर्धवट टाकून पुन्हा तिकडे जायचो. हात लावायचो. यायचो. परत जायचो. जेवणाचा डबा तसाच घरी नेला. बायको म्हणाली, अंगात कणकण आहे का? मी नुसता 'हं' म्हणालो.

गुरुवारी दुपारी सलीमभाई म्हणाले, "त्या ताईला विचार तरी, माणूस गेला कधी."

फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं, तोंडातून सरळ निघून गेलं, "ताई, सर कधी गेले?"

"कोण म्हणालं गेले?" आवाज चिरका झाला होता. "बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. व्हेंटिलेटरवर. जिवंत आहेत ते! तुम्ही कोण विचारणारे?"

मी काहीतरी पुटपुटलो, माफी मागितली, फोन ठेवला. सलीमभाईंना सांगितलं. त्यांनी कात्री उचलून खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "ही कापायची नाय." आणि कोपऱ्यातली एक चांगली रजई झटकून त्यांनी त्या गादीवर घातली. नीट, चारी बाजूंनी खोचून. मी हसलो नाही.

शुक्रवारी सकाळी शेड उघडली आणि दोघंही थेट तिकडेच गेलो. रजई काढली. हात लावला.

गार. पत्र्यासारखी गार.

सलीमभाई खाली बसले, हात तोंडावरून फिरवला. मी फोन हातात घेऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. लावायचा तरी कसा? आणि विचारायचं काय – परत तेच? दोन वेळा नंबर काढला, दोन्ही वेळा बंद केला. परवा आपण त्या शिवणीत हात घातला, त्यामुळे तर नाही ना... असलं काहीबाही डोक्यात यायला लागलं. मी, ज्याने शेकडो गाद्या फाडल्या!

अकराच्या सुमारास फोन वाजला. संगीताताईच.

"दादा, काल मी फार बोलले तुम्हाला. राग मानू नका." त्या रडत होत्या. "बाबांनी डोळे उघडले. सकाळी सात-साडेसातला. इतके दिवस हातपाय बर्फासारखे होते हो... आज गरम लागतायत. ती गादी – मोडली का तुम्ही?"

"नाही ताई," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी सर घरी आले आणि त्यांनी स्वतःची गादी मागितली. आम्ही तिला दोन दिवस ऊन दिलं, उसवलेली शिवण सलीमभाईंनी हाताने घातली, आणि मी ती इंदिरानगरला पोहोचवली.

ताईंनी चहा केला. म्हणाल्या, "ती रिकामी गादी बघवत नव्हती, म्हणून काढायला सांगितली होती. तुमचा फोन आला ना, त्या संध्याकाळी मला डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं... मशीन काढायचं की ठेवायचं. आम्ही काढायचं ठरवलं होतं. तुम्ही 'कधी गेले' म्हणालात आणि मला अशी चीड आली! म्हटलं, नाही. अजून दोन दिवस थांबायचं." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पण तुम्ही फोन का केला होता?"

"पावतीवर नाव टाकायचं होतं," मी म्हणालो.

खोटं. पण काय सांगणार होतो?

सरांना उठवून गादीवर बसवायला मी हात दिला. फार बारीक झाले होते. माझा हात धरला आणि सोडेनात. दोन्ही हातांनी उलटासुलटा करून बघत राहिले, शिक्षक मुलाचा हात तपासतात तसा.

"हाच," ते म्हणाले. "किती गार हात आहे तुमचा. सारखा सारखा लावत होता."

"औषधांमुळे असं बोलतात अधूनमधून," ताई हसून म्हणाल्या.

मीही हसलो. चहा तसाच राहिला. जिना कसा उतरलो, आठवत नाही.

एका डॉक्टर मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, ती बंदूक जुनी, सेल उतरलेले असतील. असतील. पेशंट गुंगीतून बाहेर येताना काहीही बोलतात. बोलत असतील. पण आम्हा दोघांच्या तळव्यांना दोन दिवस ऊब लागत होती, तिला काही सेल नव्हते. संगीताताईंना अजून खरं सांगितलेलं नाही. त्या हे वाचतील तर... वाचू देत.

सर अजून त्याच गादीवर झोपतात.