ड्रायव्हरनं विचारलेला प्रश्न

लोर्ना ट्वेट आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवारी आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची. लांबच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर लागतात, दुसरा मी. तिच्याशेजारी बसून बावीस वर्षं मी सामने बघितले. नॉर्थ डकोटात ऑक्टोबरातच वारा हाडांत शिरतो. ती पायांवर ब्लँकेट घ्यायची, थर्मासमधली कॉफी मला द्यायची, आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिचं डोकं फिरायचं.

"बघ, आता मधूनच घुसतील," ती म्हणायची.

तसंच व्हायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं. आमची पोरं चेंडू घेऊन मधून घुसायची, दोन यार्ड. पुन्हा मधून, एक यार्ड. तिसऱ्यांदा समोरचा अख्खा संघ मध्ये गोळा झालेला, कडेचं मैदान मोकळं, तरीही मधूनच. चौथ्यांदा चेंडू लाथेनं त्यांनाच देऊन टाकायचा.

"माझ्या बसमधल्या पहिलीच्या मुलांना कळलंय हे," ती म्हणायची. "कोचला कधी कळायचं?"

पण आठ वर्षांपूर्वी आलेल्या कोच मॅडॉकना ती कधी काही बोलली नाही. ड्रायव्हरनं खेळाबद्दल बोलायचं नाही, हा तिचाच नियम. तिचा नवरा आर्लन वैतागायचा. "मला ऐकवतेस ते त्याला ऐकव की."

त्या वर्षी आम्ही ओळीनं सहा सामने हरलो. सातवाही, दूरच्या गावी, चौतीस-तीन हरलो. परतताना अजून ऊन होतं. कोच पुढच्या सीटवर येऊन बसले.

"रस्ता बरा आहे आज," ते म्हणाले.

गाडी चालवतच लोर्नानं मान हलवली. मग म्हणाली, "कोच, एक विचारू? कडेनं का नाही जात आपण?"

"पळणारा पोरगा गुडघा धरून बसलाय."

"मग चेंडू फेका."

"फेकायला दोन सेकंद लागतात. आपली पुढची फळी समोरच्यांना एकच सेकंद अडवते."

"आठ वर्षांत एकदा तरी फेकून बघायचं होतं."

"आणि हरलो तर?"

"आत्ता काय करतोय आपण?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. कोच उठून आपल्या जागी गेले.

सोमवारी तिला कॉलेजच्या क्रीडा विभागातून फोन आला. पुढच्या प्रवासाला तुमच्याऐवजी नवा ड्रायव्हर घेऊ म्हणाले. ती "ठीक आहे" एवढंच म्हणाली. मला मात्र तिनं विचारलं, "मी चुकीचं बोलले का रे?" मी नाही म्हणालो.

पुढचा सामना घरच्या मैदानावर होता. तिसरा प्रयत्न, एक यार्ड हवा. चेंडू फेकणारा पोरगा, क्वार्टरबॅक, मागे सरकला आणि त्यानं कडेला चेंडू फेकला. पोरानं झेलला. एकोणीस यार्ड. लोर्ना उभी राहिली, ब्लँकेट पायरीवर पडलं. त्यानंतर सामना संपेपर्यंत त्यांनी एकदाही चेंडू फेकला नाही. सतरा-सहा हरलो.

"म्हणजे येतं त्यांना," ती खाली बसत म्हणाली. "येतं, आणि करत नाहीत." हरण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

मी मागे झोपलेलो असताना नव्या ड्रायव्हरनं संघाला वादळात दीड तास भलत्याच गावी फिरवलं, तेव्हा कोचनी स्वतः फोन करून तिला परत बोलावलं. ती गेली. अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकलो, आणि कॉलेजनं कोचचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. ती बातमी तिनं मला पेपरमधून वाचून दाखवली, दोनदा.