बादलीतली मरळ

मासे शिजून संपतात, त्यांचे किस्से मात्र साचत जातात. मी, कमलमावशी आणि शाहीनभाभी दर आठवड्याला शेलूबाजारला मासे घ्यायला जातो. आमच्या तलावातली मरळ दिसेनाशी व्हायला लागली, तेव्हा मावशीनं तिघींना नियम घातला. अंडी भरलेली मासोळी घ्यायची नाही, बोटाएवढी पिल्लं घ्यायची नाहीत आणि औषध टाकून मारलेले मासे तर मुळीच नाहीत.

*

मावशी प्रत्येक माशाचं पोट दाबून बघते. अंडी लागली की मासा परत पाटीत.

एकदा मासे विकणारी गंगाबाई वैतागली. "मावशे, मासोयी घेऊन राह्यली का बायतपन करून राह्यली?"

"बायतपनच व्हय," मावशी म्हणाली. "पन ते पान्यात होऊ दे."

*

एकदा एक अनोळखी माणूस लहानमोठ्या माशांचा ढीग घेऊन बसला होता. भाव अगदी कमी. भाभी वाकली आणि तशीच थांबली.

"याच्यावर एक बी माशी काहून नाई बसून राह्यली?"

बाकीच्या पाट्यांवर माश्या घोंघावत होत्या. पाण्यात औषध टाकलं का, असं आम्ही विचारलं. तो नुसता हसला.

बाजार उठताना त्यानं आपल्या घरासाठी मासे घेतले. गंगाबाईकडून!

*

भाभीचं माहेर रिठदचं. तिकडच्या एका तळ्यात कुणीतरी असंच औषध टाकलं होतं. तिचा भाऊ सांगतो, आता बगळा येतो, पाण्यावर एक चक्कर मारतो आणि न उतरताच जातो.

"पानी हाय, आपा," तो म्हणाला, "पन आवाज नाई."

*

मावशीचे जावई पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. तिनं जिवंत मरळ घेतली. मरळ आपल्या लाल पिल्लांचा पुंजका राखत फिरते. ती गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. म्हणून मावशीनं आधी विचारून घेतलं. "तुमच्याच तलावातली हाय, पिल्लं नव्हती," विकणारा म्हणाला.

घरी बादलीत ती स्वयंपाकघराच्या एका भिंतीकडे तोंड करून राहिली. मावशीनं बादली फिरवली. मरळ हळूच वळली, पुन्हा त्याच भिंतीकडे. मग भाभीनं फिरवली, मग मी. ती परत तिकडेच.

"त्या बाजूले काय हाय?" तेवढ्यात आलेल्या जावयांनी विचारलं.

"तलाव," मावशी म्हणाली आणि गॅस बंद केला.

आम्ही सगळेच चालत निघालो. तलाव मोठा, काठ लांबच लांब. पाऊलवाट संपली तिथंच मावशी पाण्यात उतरली आणि उभीच राहिली. बादली अजून तिच्या कडेवरच होती.

तिच्या पायांभोवती लाल पिल्लांचा पुंजका येऊन थांबला होता.