पेवातल्या दिव्याची म्हण

निघोज्याचे दत्तोबा पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, पण डोकं सगळं म्हणींत. कोणती म्हण कुठल्या बांधावर, कुणाच्या फजितीतून जन्मली, हे ते नावागावासकट सांगत. गावाने यात्रेला त्यांचं पुस्तक छापलं, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्या पुस्तकात एक खोट होती, आणि ती त्यांना एकट्यालाच ठाऊक होती. जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरण्याआधी जळता दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर आत श्वासाजोगी हवा नाही, उतरायचं नाही, ही जुनी रीत. तिच्यावरून निघोज्यात एक म्हण पडली: ‘आधी दिवा, मग गडी.’ दत्तोबांनी मूळ लिहिलं ते असं: एक कामचुकार गडी होता, तो नुसता दिवाच सोडत बसायचा. लोक पोट धरून हसले. चाकणपर्यंतची पोरं जपून वागणाऱ्याला ती म्हण टोमण्यासारखी मारू लागली. खरं मूळ दत्तोबांच्याच घरातलं होतं. घराण्याची अब्रू राखायला माणसाने लेखणी वाकवू नये, यांनी वाकवली.

सोमवारी सकाळी पुतण्या जयदीपचा फोन आला. धाकट्या भावाला, सुजितला हाताशी घेऊन तो कंपन्यांच्या टाक्या साफ करण्याची कामं घेई.

“तात्या, तुमाला दवाखान्यात न्यायला अकरापर्यंत येतो. चाकणात जमिनीतली टाकी हाय, तीन वर्सं बंद होती. आत्ताच झाकण काढलंय.”

“आतली हवा तपासली का?”

जयदीप हसला आणि त्याने तीच म्हण ऐकवली, अगदी पुस्तकातल्या थाटात.

दत्तोबांनी त्याला मध्येच तोडलं. “ते खोटं हाय रं. मीच खोटं लिवलं. कामचुकार कुणी नव्हता. माझ्या आज्यानं घाईपायी दिवा न सोडता गडी उतरवला, तो वर आला न्हाई. त्याला काढाया त्याचा भाऊ उतरला, तोबी आतच ऱ्हायला. कुणाला उतरू देऊ नको!”

पलीकडून जयदीपची हाक आली, फोनपासून लांब तोंड करून मारलेली. “सुजित! ए सुजित!”

आणि मग अगदी जवळून, “तात्या, सुजित खाली हाय. ओ देत न्हाई.”

“तू उतरू नको! माझी आण हाय तुला, जयदीप!”

फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. दत्तोबा घसा फाटेस्तोवर ओरडत राहिले. टाकीच्या लोखंडी शिडीवर उतरती पाच-सहा पावलं वाजली, आणि मग वाजायची थांबली.