मामाजींच्या पाण्याला उतार

पाणी सांगितलेलं ऐकतं, फक्त सांगणारा हवा, असं मनापासून मानणारा एकच माणूस या पृथ्वीवर उरला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. उभं आयुष्य त्यांनी गावच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, वाटण्यात घालवलं. पावसानं दगा दिला की तलावाचं तोंड उघडायचं आणि एकेक धुरा, म्हणजे दोन बांध्यांमधला बांध, फोडत पाणी पाळीपाळीनं पुढच्या बांधीत न्यायचं, हे त्यांचं काम. पुढं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तलाव, बांध्या, गाव सगळंच गेलं आणि मामाजी पवनीकडच्या पुनर्वसनातल्या घरी आले. तिथे पाणी नळाला येतं, म्हणून मामाजी आता नळाशी बोलतात. "अबे, धीरानं!" असं ते दटावतात आणि धार खरोखर बारीक होते. टाकी संपत आल्यामुळे होत असेल, असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच शंका यायला लागली.

मोतीबिंदू काढून ते आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरात महिनाभर राहायला आले. डॉक्टरांनी टीव्ही पाहायची मोकळीक दिली, पण टीव्हीतली माणसं त्यांना फार बोलकी वाटली. त्यांचा वेळ जावा म्हणून मी लॅपटॉपवर इंटरनेटवरचं एक पान उघडून दिलं. त्यात पाणी असतं. म्हणजे नसतं, पण बोट फिरवलं की हलतं, भोवरे धरतं, जाड रेघ मारली की अडतं. हे गणितावर चालतं म्हणे. गणितानं पाणी ओलं कसं दिसतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मामाजींनी मात्र एकच विचारलं, "रंग काहून लावला जी याले? होळी खेळून राहिले का?" रंग घालवायचं बटण सापडायला मला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवसापासून घरात लॅपटॉप राहिला नाही, तलाव आला. मामाजींनी रेघा मारून बुडालेल्या गावाचा तलाव काढला, बांध्या काढल्या, तलावाचं तोंड उघडलं. पाणी निघालं, गरगरलं आणि परत तलावात जाऊन बसलं.

"याले उतारच नाई, जवाईबापू!" मामाजी हादरून गेले होते.

संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आलो, तर लॅपटॉपची मागची बाजू विटेवर. "आता पाहा," म्हणाले. आणि देवाशपथ सांगतो, पाणी त्या दिवशी दोन बांध्या पुढं गेलं! ऑफिसातल्या एका इंजिनिअरला मी हे सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग हळूच म्हणाला, "वीट नेमकी कोणत्या बाजूला लावली?"

पण पाणी शेवटच्या बांधीत काही पोचेना. ती बांधी माझ्या सासूबाईंची, मामाजींच्या सख्ख्या बहिणीची. एका वर्षी तलाव आटत आला, तेव्हा मधल्या दोन बांध्या सोडून तिला पाणी द्या, असं लोकच म्हणाले होते. बहिणीसाठी पाळी मोडली असं होईल, म्हणून मामाजींनी दिलं नाही. तिचं धान उभं वाळलं. सासूबाई भांडल्या नाहीत, तेच मामाजींना जास्त लागलं. आता त्याही नाहीत. "एक डाव पोचलं पायजे," असं म्हणत मामाजी रोज पुन्हा तलावाचं तोंड उघडायचे.

जायच्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले. मला राहवलं नाही. मी लॅपटॉपपुढे बसलो आणि बोटानं पाणी ढकलत, लोटत, कसंबसं शेवटच्या बांधीत घातलं. मनात म्हटलं, खुश होतील.

मामाजी खांद्यावर टॉवेल टाकून आले. पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी हसणारच होतो. मग त्यांची नजर मागं सरकली.

"ह्या मधल्या दोन कोरड्या काहून?"

मी खुर्चीवरून उठलो.

"तुमी नेलं."

"हो, मामाजी."

ते रागावले नाहीत. खुर्चीवर टेकले, नवा डोळा टॉवेलाच्या कोपऱ्यानं जपून टिपला आणि म्हणाले, "हे तं मलेबी येत होतं, जवाईबापू. तवाबी येत होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुसून टाकू का?" मी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात आमची ही केव्हाची उभी होती. मामाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या पाण्याकडे.

"नोको," म्हणाले. "राहू द्या तिच्या बांधीत."

मी चांगलं केलं की वाईट, हे मला अजूनही कळत नाही. मामाजी पवनीकडे परत गेले त्याला आठवडा झाला. ऑफिसचं काम तुंबलंय, पण ते पान बंद करायला हात पुढं केला की ही नुसती माझ्याकडे पाहते, आणि मी हात मागं घेतो.