चौरंगावरचं लाल कापड

आमच्या ह्यांचा पक्ष एवढासा, की कतारगामात त्याचा झेंडा एकच होता, आणि तो मी शिवला होता. लाल कापडावर पिवळा विळा-हातोडा आणि वर चांदणी. विळा मी आमच्या खानदेशातल्या शेतातला काढला, जाड मुठीचा, दातेरी. हे म्हणाले, हा ज्वारीचा विळा झाला, क्रांतीचा नाही. मी म्हटलं, मला एकच विळा माहीत आहे, हवा तर घ्या.

आणीबाणीत कडोदऱ्याच्या लूमवरून पक्षाच्या दोघांना पोलिसांनी उचललं, तेव्हा हे लपायला बारडोलीकडे निघून गेले. झेंडा घरात सापडला तर हे परत आले की सरळ तुरुंगात, एवढं मला कळत होतं. जाळावा तर शेजारी धूर बघणार. श्रावण होता, घरात आमची कानबाई देवी बसायची होती. मी झेंडा पालथा केला, चौरंगावर अंथरला आणि त्यावर देवीचा नारळ मांडला.

रविवारी दुपारी पोलीस आले. हवालदार उंबऱ्यात थबकला. मागच्या शिपायाला म्हणाला, "माताजी बेठां छे, बूट बहार काढो." मग त्यांनी अनवाणी पायांनी आमचे डबे, गाद्या, पेटी सगळं उपसलं. मी चौरंगाजवळ बसून होते. जाताना हवालदार वाकला आणि त्याच लाल कापडाला हात लावून तो कपाळाला लावला. प्रसाद दिला तेव्हा माझ्या हातातला रोटाचा तुकडा थरथरत होता. त्याला वाटलं, बाई भक्तीने भारावली आहे.

सोमवारी सकाळी विसर्जन. चौरंग होता तसा उचलून डोक्यावर न्यायचा, आणि तो मान शेजारच्या म्हातारीचा. नको म्हणायला तोंड कुठे होतं? पोलीस चौकीसमोरून जाताना वाऱ्याने कापड उडायला लागलं. मी धावत पुढे झाले आणि एक कोपरा घट्ट धरून थेट तापीपर्यंत चालले. बायका गाणी म्हणत होत्या.

नदीवर म्हातारीने कापड झटकलं आणि ते उलटलं.

"हाई काय शे वं?"

माझ्या तोंडातून निघालं, "नवसना शे."

तिने विळा बघितला, हातोडा बघितला, माझ्याकडे बघितलं. "नवसना कपडा घर लई जातस नही, माय," म्हणाली आणि झेंडा पाण्यात सोडून दिला. मी आडवा हात घालू शकले असते. घातला नाही.

आठवड्याने हे आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर आधी विचारलं, "झेंडा कोठे शे?"

मी सांगितलं. हे मटकन खाली बसले. घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा. मला रागाने रडू फुटलं. "मी तुमले वाचाडं," मी ओरडले, "झेंडाले नही!"

हे रिकाम्या चौरंगाकडे बघत राहिले. पोलीस येऊन गेले होते, नदीवरचंही निभावलं होतं, पण खरी भीती मला त्या क्षणी वाटली. झेंडा की मी, असं कुणी ह्यांना विचारलं तर? मी स्वतः ते आजवर विचारलेलं नाही.