चिमट्याच्या बोल्टावरची खूण

ज्ञानोबा मिस्त्रींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे लोक मला मुद्दाम सांगत आहेत. यांना काहीतरी कळलेले दिसते. दोन दिवस चाचपणी केली, तेव्हा ध्यानात आले की कोणालाच काही ठाऊक नाही. मिस्त्रींनी इतकी वर्षे एका शब्दाने सांगितलेले नाही. म्हणून आता मलाच सांगणे भाग आहे.

माझे आयुष्य दूध संस्थेच्या सचिवपदावर गेले. समोर आलेल्या प्रत्येक कॅनमध्ये पाणी असणारच, असे धरून चालायचे, हे माझे काम. स्वभावही तसाच बनला. घरी भाजी आली तरी मी जुडी सोडून आतली पाने बघतो, मग मिस्त्री तरी कसे सुटतील?

त्यांची माझी पहिली भेट दुष्काळात झाली. नांदूरघाटच्या बाजूच्या आमच्या गावात विहिरींनी तळ गाठला होता, जनावरे चारा छावणीत होती. दूध वाहणारे गडी सकाळी संकलन केंद्रावर दूध घालीत आणि परत जाताना त्याच मोटारसायकलवर पाण्याचे कॅन बांधून छावणीकडे जात. गाड्या साध्या, स्वस्तातल्या, दोन माणसांपुरत्या केलेल्या, आणि त्यांच्यावर भार मात्र बैलगाडीचा. मागचे चाक ज्या दुहेरी लोखंडी पट्टीत बसते तिला गॅरेजात चिमटा म्हणतात. हा चिमटा एका लांब बोल्टावर गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. त्या वर्षी धुळीने ग्रीस सुकले आणि ओझ्याने हे बोल्ट झिजून गेले.

गड्यांच्या गाड्या संस्थेने मिस्त्रींकडे द्यायचे ठरवले होते. मांजरसुंब्याच्या रस्त्याला पत्र्याचे शेड, बाहेर एक लिंब, एवढाच त्यांचा पसारा. गाडी गेली की ते ती डबल स्टँडवर घ्यायचे, चिमट्याला दोन्ही हातांनी धरून आडवे हलवायचे आणि म्हणायचे, "बोल्ट गेलाय." दुसरी गाडी आली, "बोल्ट गेलाय." तिसरी आली तरी तेच. मी म्हटले, अरे वा! सगळ्यांचे बोल्ट एकदम कसे जातात? बरे, जुना बोल्ट मागितला तर देत नसत. त्याला गाडी नंबराची चिठ्ठी बांधून ते तारेवर टांगून ठेवत. मला वाटले, सापडले! हा माणूस जुनेच बोल्ट घासूनपुसून नवे म्हणून घालतो.

(तेव्हा मी त्यांना अरेतुरे करीत असे, हेही इथे नोंदवतो.)

मग मी शक्कल लढवली. माझी स्वतःची गाडी त्यांच्याकडे टाकण्याआधी कानस घेतली आणि चिमट्याच्या बोल्टाच्या डोक्यावर दोन रेघा आणि एक टिंब अशी खूण केली. आमच्या घरच्या डब्यांवर, कळशीवर, सगळीकडे हीच खूण आहे. संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "बोल्ट लई झिजलता, साहेब. नवा टाकलाय." मी गाडी घरी आणली, अंगणात बसकण मारली आणि वाकून बघितले. दोन रेघा, एक टिंब. जशीच्या तशी!

त्या रात्री मी समाधानाने जेवलो. आज हे लिहिताना त्या जेवणाची लाज वाटते.

पुढच्या मासिक सभेत मी मिस्त्रींना बोलावून घेतले आणि सगळ्यांसमोर विचारले, "माझ्या गाडीचा बोल्ट बदललास?"

"बदलला की."

"मग त्याच्यावर माझी खूण कशी काय रे?"

मिस्त्री हसले. अगदी मोकळे हसले. "म्या केली ना ती. तुमची खूण हाय म्हणून..."

पुढे त्यांना कोणी बोलू दिले नाही. सभेत हशा पिकला, आणि मीच सगळ्यात मोठ्याने हसलो. हशा थांबल्यावर त्यांनी मला विचारले, "साहेब, ती खूण कावून केलती तुमी?"

"तुला पकडायला."

त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मालकाची खूण हाय," एवढेच म्हणाले आणि पायात चपला सरकवून निघून गेले. मी त्यांना भर सभेत चोर म्हणालो. काम त्यांच्याकडून काढून घेण्याचा ठराव झाला.

बोल्ट बदलायच्या मिस्त्रींच्या यादीत पुढचा नंबर सुदामचा होता. सुदाम आमचा सगळ्यात जुना दूधवाहक. त्याची गाडी मागून डुलते, लगेच आणा, असे मिस्त्रींनी त्याला बजावले होते. आता ठरावामुळे त्याला दुसरीकडे जायचे होते. तो आज जातो, उद्या जातो करीत राहिला, आणि मीही विचारले नाही. पालीच्या उतारावर पाण्याच्या कॅनसह जाताना त्याचा बोल्ट तुटला. मागचे चाक आडवे झाले. सुदामचा पाय मांडीत मोडला. थोडक्यात बचावला, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी केंद्रावर पोचलो, तर मिस्त्री आधीच आलेले. कोणी बोलावलेले नव्हते. रांगेत उभ्या एकेका गाडीचा चिमटा ते हलवून बघत होते. मला बघून राम राम केला. आणि मी काय विचारले असेल? "आता काय पाहिजे तुला?" केवढा करंटेपणा!

ते उठून माझ्या गाडीजवळ बसले, नट सोडला आणि बोल्ट हळूहळू ओढून माझ्या हातात ठेवला. डोक्यावर दोन रेघा, एक टिंब. अंग मात्र नवेकोरे, ग्रीसने माखलेले. मग पिशवीतून त्यांनी दुसरा बोल्ट काढला. त्याला माझ्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी होती. त्याच्याही डोक्यावर दोन रेघा, एक टिंब. पण तो एका बाजूला खाल्ला गेलेला, बोटाने चाचपला तरी खड्डा लागत होता.

"आमचं मेंढराचं घर, साहेब," ते म्हणाले. "आमच्या कळपात दुसऱ्याचं मेंढरू असंल आन् ते मेलं, तर बदली मेंढरू देतो. दिल्या दिवशीच त्याच्या कानावर मालकाची खूण करतो. न्हाईतर मालकाला वळखू कसं यायचं? तुमच्या डब्यावर हीच खूण बघितलती म्या. म्हटलं, साहेबांना लोखंडावरबी आवडती. केली."

मग त्यांनी जुना बोल्ट माझ्या हातात फिरवला. "हे बघा, डावीकडंच झिजलंय. तुमी पिशव्या डावीकडं अडकवता. सुदामबी कॅन डावीकडंच बांधायचा. ह्येच्यासाठी ठिवतो म्या जुने बोल्ट. गड्याला दावलं की त्याला पटतं."

त्यांनी नवा बोल्ट परत घातला, गाडी स्टँडवरून खाली दोन्ही चाकांवर घेतली, मगच नट शेवटचा आवळला आणि पुढच्या गाडीकडे गेले. त्या सकाळी त्यांनी सगळ्या गाड्या तपासल्या. सुदाम अंथरुणावर होता तोवर त्याची गाडी दुरुस्त करून त्याच्या दारात उभी केली, कॅन दोन्ही बाजूंना बसतील अशी चौकट मागे जोडून.

मी काम परत त्यांच्याकडे दिले. पण कसे? "काही गैरसमज झाला होता," एवढेच सभेत पुटपुटलो. जुना बोल्ट कपाटात कुलपात ठेवला. लोक अजूनही चेष्टेने "खुणेचे मिस्त्री" म्हणतात आणि ते ऐकून घेतात. मला वाटायचे, हा माणूस गप्प आहे म्हणजे कधीतरी वसूल करणार. या संशयात माझी कितीतरी वर्षे गेली. त्यांना वसूल करायचेच नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

इतिवृत्तात चोर हा शब्द माझ्या नावावर अजून आहे. तो मी इथे, मिस्त्रींच्या हयातीत, सगळ्यांच्या देखत परत घेतो. सुदाम आजही लंगडत चालतो, त्याचीही माफी मागतो. तो जुना बोल्ट सत्काराच्या दिवशी मिस्त्रींच्या हातात देईन.

मध्यंतरी मिस्त्री आजारी होते, म्हणून मी गाडी शहरात दुसरीकडे टाकली. तिथल्या गॅरेजवाल्याने नवाकोरा बोल्ट घातला, जुनाही न मागता हातात दिला. घरी येऊन मी सवयीने वाकून बघितले. डोक्यावर काहीच नव्हते. गाडीवर बसवेना. मिस्त्री बरे होईपर्यंत ती अंगणात उभी ठेवली, मग ढकलत त्यांच्या शेडपर्यंत नेली.

त्यांनी चिमटा हलवून बघितला. "चांगला बसलाय की, साहेब."

"असेल. तरी तुम्ही एकदा उघडा."

ते हसले. बोल्ट काढला, बघितला, तोच परत घातला, आणि मी न सांगताच कानस उचलली.

देवाने मिस्त्रींना भरपूर आयुष्य द्यावे, त्यांची नजर आणि मनगट शेवटपर्यंत शाबूत ठेवावे. या शुभेच्छेत माझा स्वार्थ नाही असे कोणी समजू नये. त्यांच्या हातची खूण नसलेल्या गाडीवर बसायची माझी हिंमत होत नाही.